या रविवारी फंडाचं पासबुक उघडा

पगाराच्या पावतीवर ‘पीएफ : 1,800’ असं छापलेलं असलं म्हणजे 1,800 रुपये फंडात गेले असं नाही. ते तुमच्या पगारातून वजा झाले, एवढंच ती पावती सांगते. वजा होणं आणि जमा होणं यांच्यामधे एक टेबल असतं. एमआयडीसीतल्या तीन कारखान्यांत मिळून सव्वीस वर्षं मी त्या टेबलाशी बसले. पगारपत्रकं केली, फंडाची चलनं भरली, आणि काही वेळा भरली नाहीत. म्हणून हे लिहितेय.

मागणं एवढंच आहे : या रविवारी चहा झाला की स्वतःचं फंडाचं पासबुक उघडा. स्वतःला जमत नसेल तर बारावीतल्या मुलीला शेजारी बसवा. शेवटच्या एका नोंदीवर समाधान मानू नका, मागच्या पाच वर्षांचा महिनान् महिना बघा.

पाचच वर्षं का, ते आधी सांगते, कारण घाई त्यातच आहे. 1952 च्या जुन्या कायद्यात थकलेल्या फंडाची चौकशी सुरू करायला मुदतच नव्हती. दहा वर्षांपूर्वीची थकबाकीही अधिकारी उकरून काढू शकत. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिने पाच वर्षांची कुंपणरेषा आखली. त्यापेक्षा जुन्या थकबाकीवर नवी चौकशी सुरू करता येत नाही. सुरू झालेली चौकशी दोन वर्षांत, फार तर आणखी एक वर्ष घेऊन, संपवायची आहे. मालकांच्या मानेवर जन्मभर टांगती तलवार नको, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण कामगाराच्या बाजूने त्याचा अर्थ असा की जो महिना तुम्ही वेळेत शोधला नाही तो गेला. कोरोनाच्या दोन वर्षांत कितीतरी शेड बंद पडल्या, उघडल्या, पुन्हा बंद पडल्या, आणि त्या काळातले हप्ते ‘नंतर बघू’ म्हणून राहून गेले. ते महिने आता एकेक करून त्या रेषेपलीकडे चालले आहेत.

2004 सालची गोष्ट आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. कामगार बासष्ट. तेव्हा चलन कागदी असायचं, चार प्रतींचं, आणि ते स्टेट बँकेत नेऊन भरावं लागे. मुदत पंधरा तारखेची, वर पाच दिवसांची सवलत; ती सवलत पुढे 2016 साली काढून टाकली. मी चलन लिहिलं, चेक लिहिला आणि सहीला आत पाठवला. साहेबांनी चेक पेपरवेटखाली सरकवला. म्हणाले, “आधी पत्रेवाल्याचं भागवा. फंडवाले काय उद्या दारात येत नाहीत.” खरंच कोणी आलं नाही. पुढच्या महिन्यात रंगवाला, त्याच्या पुढच्या महिन्यात वीजबिल. असे सात महिने गेले. त्या सातही महिन्यांच्या पगारपत्रकात वजावटीचा रकाना मी नेमाने भरत होते, बेरीज एका पैशाने चुकू दिली नाही. कामगारांना वर्षाचा हिशेब सांगणारी चिठ्ठी तेव्हा दोन-दोन वर्षं उशिरा यायची, त्यामुळे कोणाला पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता.

पुढे पैसे भरले गेले, दंडासकट. पण मधल्या काळात आमचा एक वेल्डर नोकरी सोडून गावी गेला होता. फंड काढायला तो तीनदा आला. तिसऱ्या खेपेला माझ्या टेबलापाशी उभा राहून त्याने विचारलं, “ताई, तुम्ही कापले होते ना?” त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

आज तसं लपवता येत नाही, निदान पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. 2012 पासून इलेक्ट्रॉनिक चलन आलं. मालकाला आता प्रत्येक कामगाराच्या नावासमोर पगार आणि हप्ता लिहिलेली यादी चढवावी लागते, तेव्हा कुठे चलन तयार होतं. 2014 च्या ऑक्टोबरात बारा अंकी युएएन आला, नोकऱ्या बदलल्या तरी एकच राहणारा. म्हणजे जे माझ्या टेबलाच्या खणात असायचं ते आता तुमच्या खिशातल्या फोनवर आहे. तरी ते उघडून न बघणारे रोज भेटतात. विचारलं की म्हणतात, “कापतात ना दर महिन्याला!” कापतात, ते मलाही माहीत आहे.

पासबुक कसं वाचायचं ते सांगते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 धरा. तुमचे 12 टक्के, म्हणजे 1,800. मालकाचेही 1,800, पण ते दोन वाटांनी जातात : 1,250 पेन्शनच्या खात्यात आणि 550 तुमच्या फंडात. म्हणून पासबुकात मालकाच्या रकान्यात 550 च दिसले तर घाबरू नका, पेन्शनचा रकाना वेगळा असतो. विडी, वीट, ताग अशा काही उद्योगांत दर 10 टक्के आहे. मालकाला याशिवाय विम्याचे आणि प्रशासनाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. तुमच्या पगारातून तुमचा हिस्सा सोडून एक रुपयाही फंडाच्या नावाने जाता कामा नये. काही ठेकेदार दोन्ही हिस्से, म्हणजे पूर्ण 3,600, कामगाराच्याच पगारातून कापतात आणि वर ऐकवतात, “तुझाच पैसा तुझ्याच खात्यात जातोय, मग ओरडतोस कशाला?” मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून घेणं कायद्याने चालत नाही.

आता मधले महिने तपासा. जानेवारी आहे, फेब्रुवारी आहे, मार्च नाही, एप्रिल आहे. अशी फट दिसली की त्या महिन्याची पगाराची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट शोधून बाजूला ठेवा. त्याच्या पुढची चोरी जास्त बारीक असते, ती पगाराच्या आकड्यात सापडते. हातात 15,000 च्या हिशेबाने पगार आणि पासबुकात पगार 7,500, हप्ता 900. हे कसं होतं? चलनाच्या यादीत ‘बिनहप्त्याचे दिवस’ असा एक रकाना असतो. महिन्यात बिनपगारी रजेवर असलेल्यांसाठी तो ठेवलेला आहे. तिथे पंधरा टाकले की माणूस अर्धा महिना गैरहजर होतो. प्रत्यक्षात तो ओव्हरटाइम करत असतो. मोल्डिंगवर काम करणाऱ्या एका ताईंच्या पासबुकात मी सलग अकरा महिने पंधरा-पंधरा दिवसांची गैरहजेरी पाहिली आहे. त्या म्हणाल्या, “मी तर सासूच्या दहाव्यालाही दुपारून कामावर गेले होते.”

या अर्ध्या आकड्याचा फटका फक्त फंडापुरता राहत नाही. पेन्शनचा हिशेब सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर असा आहे. 15,000 च्या पगारावर चौदा वर्षं भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिना 3,000. पगार निम्मा दाखवला तर 1,500. दहा वर्षंच भरली नाहीत तर महिन्याची पेन्शनच नाही. आणि माणूस नोकरीत असताना गेला तर विम्याचे जास्तीत जास्त सात लाख रुपये घरच्यांना मिळतात, तेही दाखवलेल्या पगाराच्या आणि शिल्लक रकमेच्या हिशेबाने. चलनात नावच नसलेल्या माणसाच्या विधवेला आधी हे सिद्ध करावं लागतं की तो तिथे कामाला होता. म्हणून रविवारी पासबुकाबरोबर वारसाचं नाव भरलंय का तेही बघून घ्या. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं कितीतरी जणांनी बदललेलं नसतं.

फोनवर इंटरनेट नसेल तरी चालतं. फंडाला जोडलेल्या नंबरावरून 9966044425 वर मिस्ड कॉल दिला की शेवटचा हप्ता आणि शिल्लक मेसेजने येते. किंवा 7738299899 वर मेसेज पाठवा : इंग्रजी मोठ्या अक्षरांत ईपीएफओएचओ, जागा सोडून युएएन, पुन्हा जागा सोडून एमएआर. शेवटची तीन अक्षरं मराठीसाठी आहेत. पूर्ण पासबुक उमंग ॲपवर किंवा फंड कार्यालयाच्या सदस्य पोर्टलवर दिसतं. मेसेज आलाच नाही तर फंडाला कोणाचा नंबर जोडला आहे ते विचारा. ठेकेदारांकडे सुपरवायझरचाच नंबर वीस-वीस जणांना लावलेला असतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि फंड काढायचा झाला की ‘चहापाणी’ही त्यालाच. आधार घेऊन नंबर बदलून घ्या, या कामाला उशीर नको.

अजून एक सोय आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. फंड कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याही आस्थापनेचं नाव टाकून शोधता येतं. लॉगिन लागत नाही. कोणत्या महिन्याचं चलन कोणत्या तारखेला भरलं, किती रकमेचं, किती माणसांचं, हे तिथे दिसतं. शेडमधे नव्वद माणसं घाम गाळताहेत आणि चलन एकोणीस जणांचं, हे तुम्हाला घरबसल्या कळतं. एकोणीस हा आकडा मी उगाच नाही घेतला. वीस माणसं झाली की कायदा लागू होतो, म्हणून आपल्याकडे एकोणिसांवर अडकलेल्या शेड फार. विसावा माणूस शेजारच्या गाळ्यातल्या बायकोच्या नावच्या फर्मवर असतो, नाहीतर ‘ट्रेनी’ असतो. पाच वर्षं ट्रेनी! घरी नेऊन काम करणाऱ्यांना तर कोणी मोजतच नाही. घरी विड्या वळणाऱ्या बायकाही या कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगून टाकलं आहे.

आता माझ्या स्वतःच्या जातकुळीच्या लोकांशी, म्हणजे हिशेबनीस, पगार बघणारे, लेबर कन्सल्टंट आणि सीए यांच्याशी थोडं बोलते.

आपल्याला सगळं दिसतं. मजुरी खर्चाच्या खात्यात बावीस लाख आणि पगारपत्रकात अकरा. उरलेली अकरा ‘जॉबवर्क’, ‘हमाली’, ‘गाडीभाडं’ आणि ‘किरकोळ’ या खात्यांत झोपलेली असतात. फंड कार्यालयाचा अधिकारी ताळेबंद घेऊन बसला तर पहिल्या अर्ध्या तासात याच खात्यांवर बोट ठेवतो, कारण तो मस्टर बघायच्या आधी खतावणी बघतो. भत्त्यांचंही तेच. मूळ पगार 6,000 आणि ‘विशेष भत्ता’ 9,000 अशी पावती बनवणारे हातही आपलेच. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा पगारच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी ठरवलं. नव्या संहितेनेही भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारात धरायला सांगितलं आहे. तरी जुन्याच साच्यातल्या पावत्या अजून छापल्या जाताहेत.

सीए मंडळींना मला एवढंच सांगायचं आहे : करलेखापरीक्षणाच्या अहवालात फंडाची महिन्यागणिक भरायची तारीख आणि भरलेली तारीख तुम्ही लिहिता. कंपनीच्या अहवालात सहा महिन्यांहून जास्त थकलेली देणी लिहिता. त्या तारखा क्लायंटच्या तक्त्यावरून उतरवू नका. चलनावरची तारीख बघा, बँकेत पैसे गेले का ते बघा, आणि एकदा तरी यादीतली पाच नावं निवडून खाली शेडमधे जा. चहा घ्यायला म्हणून जा हवं तर. माझ्या सव्वीस वर्षांत ऑडिटला आलेला एकच मुलगा खाली गेला होता. आर्टिकलशिप करणारा, जेमतेम बाविशीचा. परत येऊन त्याने साहेबांना विचारलं, “यादीतले हे दोघं कोणालाच माहीत नाहीत आणि प्रेसवरचे ते चौघं यादीत नाहीत, असं कसं?” पुढच्या वर्षी ऑडिटची फर्म बदलली. त्या मुलाला मी अजून विसरलेले नाही.

आणि ज्यांना मालक सांगतो “थांबव”, त्यांनी एक कागद करून ठेवावा. मी केला नव्हता. ‘अमुक महिन्याचं चलन तयार आहे, मुदत 15 तारीख, मंजुरीच्या प्रतीक्षेत,’ अशी दोन ओळींची मेल. कामगाराच्या पगारातून कापून घेतलेला हिस्सा न भरणं ही साधी उधारी नाही, तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. तसं स्पष्टीकरण जुन्या दंडसंहितेत होतं आणि नव्या न्यायसंहितेतही आहे. कापलेला पैसा मालकाच्या हवाली केलेली दुसऱ्याची ठेव आहे, असं कायदा धरून चालतो. 2022 च्या एका आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा हिस्सा आणि कामगाराचा हिस्सा यांत हाच फरक केला होता.

तरी लोक थांबवतात, कारण हिशेब सरळ आहे. बँक तारण मागते. खासगी सावकार महिन्याला दोन-तीन टक्के घेतो आणि वसुलीला माणसं पाठवतो. कामगाराचा फंड मात्र न मागता मिळतो, बिनतारणी. पकडलं गेलं तर 12 टक्के व्याज आणि वर दंड. हा दंड पूर्वी उशिराप्रमाणे चढत वर्षाला 25 टक्क्यांपर्यंत जायचा. जून 2024 मध्ये तो महिन्याला सरसकट 1 टक्का झाला. खटले कमी व्हावेत हा हेतू असेल, पण माझ्या मते हा बदल चुकला. बासष्ट माणसांच्या खिशातून घेतलेलं कर्ज सावकारापेक्षा स्वस्त असता कामा नये.

ठेकेदाराकडून माणसं घेणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन. नगरपालिका, रुग्णालयं, शिक्षणसंस्था, मोठ्या गृहरचना, तुमच्याकडे झाडणारा, राखण करणारा, रुग्णाचं स्ट्रेचर ढकलणारा माणूस ठेकेदाराचा असला, तरी कायदा लागू असलेल्या ठिकाणी त्याच्या फंडाची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते. ठेकेदाराने भरला नाही तर तुम्ही भरायचा आणि त्याच्याकडून वसूल करायचा. ठेकेदाराचं बिल मंजूर करताना चलनाची झेरॉक्स लावून घेता ना? तीच झेरॉक्स तो आणखी दोन ठिकाणी लावतो. मी अशा एका फायलीत यादी पाहिली आहे, जिच्यातल्या शेवटच्या सहा नावांचा टाइप वरच्या नावांपेक्षा बारीक होता. कोणीतरी कापून चिकटवून पुन्हा झेरॉक्स काढली होती. चलनावर टीआरआरएन नावाचा क्रमांक असतो. तो फंडाच्या संकेतस्थळावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. यादीतल्या नावांशी आपल्या गेटवरची हजेरी जुळवायला अर्धा तास. महिन्यातला एवढा वेळ द्या आणि मगच बिलावर सही करा.

मोठ्या कंपन्यांतले आणि सरकारी उपक्रमांतले कर्मचारी म्हणतील, आमचा फंड कंपनीच्या ट्रस्टमधे आहे, आम्हाला यातलं काही लागू नाही. तुम्हाला जास्त लागू आहे. सूट मिळालेल्या ट्रस्टला काही अटी असतात : सरकारी फंडापेक्षा कमी व्याज द्यायचं नाही (2024-25 साठी तो दर 8.25 टक्के होता), तूट आली तर मालकाने भरून द्यायची, ट्रस्टचा कारभारखर्च मालकाचा, दरवर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त मंडळात निम्मे लोक कर्मचाऱ्यांचे. अटी कागदावर भक्कम आहेत. पण गुंतवणुकीचे ठराव वाचतं कोण?

सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईची आयएल अँड एफएस ही कंपनी कोसळली, तेव्हा तिचे कर्जरोखे कितीतरी फंड ट्रस्टांकडे होते. ऑगस्टपर्यंत त्यांना ‘ट्रिपल ए’ मानांकन होतं, म्हणजे विश्वस्तांनी नियम मोडलेही नव्हते. 2019 च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातल्या वीज कर्मचाऱ्यांचं प्रकरण बाहेर आलं. त्यांच्या फंडाचे 4,100 कोटींहून जास्त रुपये डीएचएफएल या मुंबईच्याच गृहकर्ज कंपनीत मुदत ठेवी म्हणून ठेवले होते. कंपनी डबघाईला आली तेव्हा सुमारे 2,268 कोटी तिथे अडकलेले. माजी अधिकाऱ्यांना अटक झाली, कर्मचारी रस्त्यावर आले, चौकशी सीबीआयकडे गेली. लखनौतल्या लाइनमनचा म्हातारपणाचा पैसा मुंबईतल्या एका कंपनीत ठेवण्याचे निर्णय कोणत्या तरी बैठकींत झाले असतील, आणि त्या बैठकींच्या इतिवृत्तावर सह्याही असतील.

म्हणून कर्मचाऱ्यांच्या बाजूने विश्वस्त झालेल्यांनी, युनियनमधून निवडून आलेले असा की साहेबांनी नेमलेले, पुढच्या सभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पैसा आज कुठे कुठे आहे आणि त्यातलं कुठलं व्याज किंवा मुद्दल थकलं आहे? कंपनीने कापलेला हप्ता दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत ट्रस्टच्या खात्यात आला का? आणि लेखापरीक्षकाने जे शेरे मारले त्यांचं काय केलं? तिसरा प्रश्न विचारला की सभेत शांतता पसरते. पसरू द्या. कंपनी तोट्यात असेल तर पहिलं लक्ष दुसऱ्या प्रश्नावर ठेवा, कारण तोट्यातली कंपनी आधी याच हप्त्याला हात घालते. सलग तीन वर्षं तोटा झाला तर सूट काढून घेतली जावी अशी अटच आहे. ती अट कोणीतरी अनुभवातून लिहिली असणार.

“कंपनीच बुडाली, आता काय मिळणार?” असं म्हणून कागद बंबात घालू नका. फंडाच्या थकबाकीचा हक्क बँकेच्याही आधी लागतो. 2009 साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि तेही साखर कारखान्याने बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेच्या पोत्यांबद्दल. जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं. दिवाळखोरीच्या प्रकरणात ऑक्टोबर 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने कर्मचाऱ्यांचा थकलेला फंड आणि ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल असा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. हक्क असणं आणि पैसे हातात पडणं यांत वर्षं जातात, ते मी नाकारत नाही. पण यादीत नावच नसेल तर रांगेतही उभं राहता येत नाही.

तर पासबुकात फट सापडली, आकडा निम्मा निघाला किंवा युएएनच नाही असं कळलं, की पुढे असं करा. एकट्याने साहेबांच्या केबिनमधे जाऊन भांडू नका, नोकरी जाईल आणि कागदही जातील. आधी कागद गोळा करा : पगाराच्या पावत्या, पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट, गेटपास किंवा ओळखपत्र, हजेरीकार्डाचे फोटो, ठेकेदाराने दिलेल्या युनिफॉर्मचा फोटोसुद्धा. पावती देतच नाहीत अशा ठिकाणी सुपरवायझरचे ‘उद्या सकाळची पाळी’ असे मेसेज पुसू नका. मग बरोबरचे चार-पाच जण जमवा आणि एकच अर्ज करा, मराठीत चालतो. त्यात आस्थापनेचं नाव, पत्ता, तुम्ही तिथे लागलेली तारीख, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कापले आणि भरले नाहीत, एवढंच लिहा. ‘अन्याय’, ‘पिळवणूक’ हे शब्द भाषणासाठी ठेवा. अधिकाऱ्याला महिने आणि आकडे लागतात. चौकशी सुरू झाली की मालकाकडून मस्टर, पगारपत्रक, ताळेबंद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्याला आहेत.

अर्ज फंडाच्या तक्रार पोर्टलवर टाकता येतो, मदतीला 14470 हा नंबर आहे. पण मी म्हणेन, निदान एकदा समोर जा. दर महिन्याच्या 27 तारखेला फंड कार्यालयाचे लोक प्रत्येक जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ म्हणून बसतात. 27 ला सुट्टी आली तर कामाच्या पुढच्या दिवशी. जागा कुठली ते आपल्या विभागीय कार्यालयाला आधी विचारून घ्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.